पोर्टफोलिओसाठी स्वतःचं कॅरेक्टर : आमच्याकडं यायच्या आधी एवढं वाचा

ॲडमिशनसाठी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक चित्रांची फाईल, करायला बेळगावात आमच्याकडं येणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी हे लिहिलंय. काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात, आणि ॲडमिशनची गडबड सुरू झाली की निवांत बोलायला कुणालाच वेळ नसतो, म्हणून एकदाच सगळं कागदावर मांडलं. घरी न्या, घरच्यांनाही वाचायला द्या, फी तेच भरणार आहेत.

आम्ही काय करत नाही ते आधी सांगतो. तुमचं कॅरेक्टर, म्हणजे चित्रातलं पात्र, आम्ही काढून देत नाही. "एक हिरो काढून द्या की ओ सर, मी नुसता कलर करतो" म्हणणारे बरेच येतात, काहींचे वडील तर "किती होतील ते सांगा" म्हणून पाकीटच बाहेर काढतात. नाही म्हणजे नाही. इंटरव्ह्यूला समोर बसलेल्या माणसानं पेन्सिल हातात देऊन "हाच पोरगा आता पाठमोरा काढून दाखव" म्हटलं की तिथं आम्ही नसतो, तुम्ही एकटेच असता. तुमच्याबरोबर बसून कॅरेक्टर वाढवायला मदत करायची, स्कॅनिंग, पानांची मांडणी, प्रिंट आणि बाइंडिंग, एवढं आमचं काम.

दुसरं म्हणजे पोर्टफोलिओ लागतो का हेच आधी बघा. डिझाइनच्या डिग्रीसाठी आयआयटी मुंबई जी यूसीड प्रवेश परीक्षा घेते तिला पोर्टफोलिओ लागत नाही, तिथं कॉम्प्युटरवरचा पेपर आणि एक ड्रॉइंगचा भाग असतो. ॲनिमेशन, गेम आर्ट, इलस्ट्रेशनवाल्या बऱ्याच खाजगी संस्था मात्र पोर्टफोलिओ बघतात, काही ॲडमिशनच्या आधी मागतात, काही इंटरव्ह्यूच्या दिवशी. बेंगळुरू, पुणे, मुंबई, सगळीकडचे नियम वेगळे आणि ते बदलत राहतात, शेजारच्या दादानं तीन वर्षांपूर्वी काय केलं ते ऐकून येऊ नका, त्या कॉलेजचं यंदाचं माहितीपत्रक घेऊन या.

ओरिजिनल म्हणजे नक्की काय

टोकदार केस, एका डोळ्यावर जखम, काळा लांब कोट, पाठीला तलवार. हे कॅरेक्टर तुम्ही काढलंय, तुमच्या मित्रानं काढलंय, आणि निवडणाऱ्याच्या टेबलावर आजच्या दिवसात ते बऱ्याच वेळा येऊन गेलंय. ॲनिमेवरून काढणं वाईट नाही, हात त्यानंच बसतो, आमचाही तसाच बसला. पण पोर्टफोलिओत त्याला फार तर मागचं एखादं पान द्यायचं आणि खाली फॅन आर्ट असं स्पष्ट लिहायचं.

आणि आपला मावळा. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत लहानपणापासून बघितलेला, त्यामुळं बेळगावच्या प्रत्येक पोराला तो काढावासा वाटतो, आणि सगळ्यांचे मावळे एकाच साच्यातनं काढलेल्या गणपतीसारखे येतात. तोच फेटा, तीच मिशी, तोच आरडणारा चेहरा. मावळा नको असं नाही म्हणत आम्ही. पण त्याचं वय किती, गाव कुठलं, चपला नव्या की शिवून घेतलेल्या, घोड्याला भितो का, घरी कोण वाट बघतंय, एवढं विचारलं की पोरं गप्प होतात. ते ठरलं की मिशी आपोआप बदलते. कधी मिशी येतच नाही कारण पोरगा पंधरा वर्षांचा निघतो आणि मोठ्या भावाचा अंगरखा घालून आलेला असतो, बाह्या दुमडून. आता झालं कॅरेक्टर.

कुणी कधीच न बघितलेलं काढायचं असा ओरिजिनलचा अर्थ नाही. तुम्ही स्वतः नीट बघितलंय आणि त्यातनं काय घ्यायचं ते तुम्ही ठरवलंय, एवढाच आहे.

एक उदाहरण सुरुवातीपासून

खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं. त्या भागातल्या बारापेडे गुहांत एक वटवाघूळ राहतं, रॉटनचं वटवाघूळ म्हणतात त्याला, शास्त्रज्ञांनी त्याची नोंद १९१३ मध्ये केली आणि नंतर कितीतरी वर्षं जगात ते फक्त इथंच सापडतं असं मानत होते, मग पुढं मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. आपल्या घराजवळचा एवढा दुर्मिळ प्राणी आणि पोर्टफोलिओत सगळ्यांचे ड्रॅगन. (गुहेत घुसायला जाऊ नका, संरक्षित जागा आहे, फोटो बघून काढा.)

आता फोटोत काय दिसतं? कान प्रचंड मोठे, तोंडावर पुढं झुकलेले. अंग गडद तपकिरी, मानेमागं फिकट राखाडी पट्टा. पंख लांब आणि अरुंद. शेपूट पायांमधल्या पडद्यातनं बाहेर मोकळी. आणि अंधारात वाट काढायची ती स्वतःच्या आवाजाच्या प्रतिध्वनीवर.

इथं बरीच पोरं माणसाला वटवाघळाचे पंख चिकटवून मोकळी होतात. तसं नको. आम्ही विचारतो, हे माणूस असतं तर कोण असतं? समजा रात्री गावोगाव निरोप पोचवणारी एक म्हातारी आहे. डोक्यावरनं पदर पुढं ओढलेला, दोन्ही बाजूंना त्याचे कोपरे उभे राहिलेत, ते झाले कान. मानेभोवती राखाडी मफलर. खांद्यावरनं घोंगडी लांब लोंबतेय, हात पसरले की पंख. नऊवारीच्या काष्ट्याचं टोक मागं सुटलेलं, ती शेपूट. एकही पंख न काढता वटवाघूळ आलं की नाही?

खरी गंमत पुढं आहे. ही म्हातारी कानांवर जगते, डोळ्यांवर नाही. मग डोळे बारीक ठेवायचे, जवळजवळ मिटलेले, आणि एक्स्प्रेशन शीटमध्ये, म्हणजे वेगवेगळे भाव दाखवायच्या पानावर, राग, भीती, संशय, हसू सगळं पदराच्या त्या दोन टोकांनी दाखवायचं. घाबरली की मागं पडलेली, कुणाची चाहूल लागली की एकच टोक उभं. असली शीट बघणारा माणूस पान उलटायच्या आधी थांबतो, कारण नेहमीचे सहा चेहरे त्यानं सकाळपासून बघितलेले असतात.

हे उदाहरण आमचं आहे, ते उचलू नका. गोकाकची रंगवलेली खेळणी आहेत, सौंदत्तीच्या यात्रेला निघालेल्या बैलगाड्या आहेत, बेळगावच्या किल्ल्यातल्या कमळ बस्ती या जैन मंदिराच्या छतावरचं कोरलेलं कमळ आहे, १२०४ सालचं, त्याच्याखाली उभं राहून वर बघा आणि एखाद्या राणीचा मुकुट तिथनं काढा. बघायला बाहेर पडा म्हणजे झालं. सीबीटी स्टँडवर बसा, रविवार पेठेत, गणपत गल्लीत फिरा, उभं राहायच्या चालायच्या तऱ्हा काढा. पोत्यावर बसलेला माणूस आणि पोतं उचलणारा माणूस, दोघांची पाठ वेगळी असते. कॅम्पात मिलिटरीच्या हद्दीत मात्र वही उघडू नका, फोटो तर नकोच. आणि कुणाचा चेहरा जवळनं काढायचा असेल तर "काकू, काढू का?" म्हणून विचारा, आणि कॅरेक्टर करताना तो चेहरा बदला.

पानांवर काय काय लागतं

पहिल्यांदा सिल्युएट. छोटे छोटे काळे आकार, वीस काढा तीस काढा, आत डोळे नाक काही नाही. मग मोबाईलवर फोटो काढून पोस्टाच्या तिकिटाएवढा करून बघा, कोण आहे ते कळलं तर ठीक, नुसता डाग दिसला तर परत. गोलाकार शरीर मवाळ वाटतं, चौकोनी भक्कम, त्रिकोणी धारदार, हे सगळ्यांना क्लासमध्ये शिकवलेलं असतं, म्हणून कधीतरी उलटं करून बघा, गोलमटोल सावकार जास्त भीतीदायक होतो.

मग प्रमाण. उंची डोक्याच्या मापानं मोजतात, मोठा माणूस साधारण साडेसात डोक्यांचा, हिरो आठ डोक्यांचा काढतात, वर्षभराचं बाळ चार. वरची म्हातारी पाच डोक्यांत बसेल. तीनचार कॅरेक्टर असतील तर सगळ्यांना एका ओळीत उभं करून उंचीचं एक पान करा, सगळे एकाच उंचीचे आणि एकाच अंगाचे आलेत का ते तिथं लगेच दिसतं.

टर्नअराउंडला, म्हणजे एकच कॅरेक्टर सगळ्या बाजूंनी काढायला, सगळ्यात जास्त घोळ होतो. समोरून, तिरकं, बाजूनं, मागनं. डोकं, खांदा, कंबर, गुडघा यांच्या आडव्या रेघा चारी चित्रांतनं सरळ जायला पाहिजेत. समोरनं काढलेली पिशवी मागच्या चित्रात गायब असते, पट्टा कुठनं गेला ते कुणी ठरवलेलंच नसतं. म्हणून आम्ही पाठ आधी काढायला सांगतो, पोरं वैतागतात, पण कपडा कसा नेसलाय ते पाठीवर कळतं.

वस्तू खऱ्या काढा. कोल्हापुरी चप्पल म्हणून दोन पट्टे मारलेले असतात. अहो आपल्या अथणी, निपाणीत त्या बनतात, कोल्हापुरीचं जीआय, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून मिळणारी सरकारी नोंद, कर्नाटकातल्या चार आणि महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे आणि त्यात बेळगाव आहे. एक जोड समोर ठेवा, बाजूचे कान, वरची वेणी, गोंडा, टाचेची झीज काढा. झिजलेली बाजू बघून माणूस कसा चालतो ते कळतं.

रंग तीन-चार पुरे. रंगवून झालं की चित्र ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, सगळं एकाच करड्यात मिसळलं तर रंग कितीही भारी असू देत, उपयोग नाही. आणि तो खडूच्या डबीतला गुलाबी 'स्किन कलर' बंद करा बघू, आपल्या गल्लीत तसल्या रंगाचं कोण आहे?

रफ पानं फाडू नका, खोडू नका. फसलेले सिल्युएट, बदललेला फेटा, बाजूला लिहिलेलं "हे जड वाटतंय", हे सगळं स्कॅन करून फायनलच्या आधीच्या पानावर लावतो आम्ही. नुसती चकाचक फायनल चित्रं असली की बघणाऱ्याला शंकाच जास्त येते, आजकाल तर फारच.

त्यावरनं एआय. एआयनं बनवलेलं चित्र तुमचं म्हणून आम्ही पोर्टफोलिओत लावत नाही, भांडू नका. काही ठिकाणी काम स्वतःचं असल्याचं लिहून घेतात, तिथं सही तुमची असते.

चित्र चोरीला जाईल म्हणून काही पालक पोर्टफोलिओ दाखवायलाच घाबरतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणं चित्र काढलं की हक्क काढणाऱ्याचा, रजिस्ट्रेशन केलंच पाहिजे असं नाही, आणि तो हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. नुसत्या कल्पनेला मात्र संरक्षण नाही, काढलेल्या चित्राला आहे. म्हणून तारीख घाला, मूळ कागद सांभाळा. तुमची फाईल आम्ही दुसऱ्या कस्टमरला दाखवत नाही, नमुना म्हणून भिंतीवर लावायची झाली तर तुम्हाला विचारून, अठराच्या आतले असाल तर घरच्यांना विचारून.

"बेळगावात राहून ह्यात काय होतंय ओ?" असं विचारणाऱ्या बाबांना एकच सांगतो, चित्रकार रवी परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले आणि इथंच के. बी. कुलकर्णींकडं चित्रकला शिकले. पुढचं तुम्ही शोधून वाचा.

प्रिंटचं थोडक्यात

डिजिटल काढत असाल तर सुरुवातीलाच ए३, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) घ्या, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. छोटं काढून नंतर मोठं करायला सांगू नका, फुटतं. आयपॅड नसला तर अडत नाही, क्रिता हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या कॉम्प्युटरवर चालतं. मोबाईलवर चमकणारा पोपटी आणि निळा कागदावर मवाळ येतो, तो प्रिंटरचा दोष नाही, स्क्रीनचे रंग आणि शाईचे रंगच वेगळे, म्हणून आधी एक टेस्ट पान काढतो. कागदावर काढत असाल तर पावसाळ्यात जपा, आपल्याकडं जून ते सप्टेंबर कागद सादळतो, मार्कर पसरतो, चित्रं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आडवी ठेवा, गुंडाळी करून सिटी बसमधनं आणू नका.

पानं पंधरा-वीस बास. चांगली दोन कॅरेक्टर पूर्ण खोलात, दहा अर्धवट नकोत. लेबल छोटी ठेवा, कॅरेक्टरचं नाव मराठी असू दे कन्नड असू दे, पण त्याची दोन पानी कथा कोण वाचत नाही.

पहिल्यांदा येताना कॉलेजचं माहितीपत्रक, जुनी स्केचबुकं (खराब पण आणा) आणि ज्याचं कॅरेक्टर करायचंय त्याच्याबद्दल हातानं लिहिलेल्या दहा ओळी आणा. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी आलात तर फक्त प्रिंट मिळेल, सल्ला नाही. रेट काउंटरवर लावलेत. फाईल व्हॉट्सॲपवरनं पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की बारीक होऊन येतं आणि मग परत फोन करावा लागतो.