जाणकाराला स्टेशनं मोजून दाखवू नका

एप्रिल लागला की सकाळच्या पेपरातून पत्रकं गळायला लागतात. परवा आमच्या मुलुंडच्या इमारतीत एकाच दिवशी तीन आली. एकात ‘प्रज्ञावान मुलांसाठी खास बॅच’, दुसऱ्यात ‘होमी भाभा परीक्षेची हमखास तयारी’ (ही शाळकरी मुलांची विज्ञान परीक्षा) आणि तिसऱ्यात डोळ्यांवर पट्टी बांधून पुस्तक वाचणाऱ्या मुलाचा फोटो. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तिन्ही घेऊन खाली आल्या. त्यांची मुलगी जूनमध्ये सहावीत जाईल, गणितात वर्गाच्या बरीच पुढे आहे. म्हणाल्या, “भावोजी, हिला शिकवायला नेमका कसा माणूस बघायचा?”

तिसरं पत्रक मी आधी रद्दीत टाकलं. मध्यमेंदू ‘जागृत’ करतात म्हणे! तो जन्मापासून जागाच असतो. डोळ्यांच्या हालचाली आणि ऐकणं यांत त्याचा वाटा असतो. पट्टीखाली नाकापाशी फट राहते, तिच्यातून मूल वाचतं. फट नीट बुजवा, वाचन थांबतं. बोटांच्या ठशांवरून बुद्धीचा कल सांगणारेही याच माळेतले. हातावरच्या रेषा बघणाऱ्याला आपण ज्योतिषी म्हणतो, आणि बोटावरच्या रेषा स्कॅनरने बघितल्या की त्याचा ‘रिपोर्ट’ होतो.

उरली दोन. दोन्हींत शिक्षकांच्या पदव्या ठळक टाइपात होत्या, आणि खाली एकसारखं वाक्य: ‘प्रत्येक पायरी समजावून सांगितली जाते.’ वहिनींना ते आवडलं होतं. मला नेमकं तेच खटकलं.

का, ते सांगतो. आपण विचार करताना जे क्षणभर मनात धरून ठेवतो, त्याला मानसशास्त्रात वर्किंग मेमरी म्हणतात. आपण कार्यस्मृती म्हणू. ही जागा फार तोकडी असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ‘सात, दोन कमी-जास्त’ असा अंदाज मांडला होता. २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो चारच्या आसपास आणला. चार! मग माणूस एवढं अवघड काम करतो कसं? तर गठ्ठे बांधून. दादर, माटुंगा, सायन, कुर्ला, विद्याविहार, घाटकोपर ही सहा नावं मुंबईत काल उतरलेल्या माणसाला सहा स्वतंत्र गोष्टी आहेत. सायनला पोचेपर्यंत त्याची जागा भरत येते. रोज ठाण्याची स्लो पकडणाऱ्याला ती एकच गोष्ट आहे, ‘दादर ते घाटकोपर’. सगळी साखळी दीर्घ स्मृतीतून एका गठ्ठ्यात वर येते आणि एकच खण अडवते. बाकीचे खण भजी खायची की वडापाव, या विचाराला मोकळे.

आता गंमत बघा. नवख्याला प्रत्येक स्टेशनावर कोणी सांगितलं की “हे माटुंगा, तुमचं अजून चार पुढे”, तर तो दुवा देईल. तेच रोजच्या प्रवाशाच्या कानाशी सांगत राहा. माहिती खरी आहे, त्याला ती माहीतही आहे, पण कानावर पडलेलं टाकून देता येत नाही. प्रत्येक वाक्य आधी समजून घ्यायचं, मग स्वतःच्या गठ्ठ्याशी ताडून बघायचं, जुळतंय का ते ठरवायचं. या ताळमेळालाही तीच तोकडी जागा लागते. गठ्ठा बांधून मोकळे केलेले खण मदतीनेच पुन्हा भरतात.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले जॉन स्वेलर, स्लावा कल्युगा आणि त्यांचे सहकारी यांना हे शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणात दिसलं. विजेच्या सर्किटच्या आकृतीवरच स्पष्टीकरण लिहून दिलं की नवशिके लवकर शिकत. तीच मुलं सरावली, की स्पष्टीकरण नसलेली कोरी आकृती त्यांना जास्त उपयोगी पडू लागे. १९९८ च्या आसपासचे हे प्रयोग. २००३ मध्ये या गटाने अशा निष्कर्षांचा एकत्र आढावा घेतला, आणि ‘एक्सपर्टीज रिव्हर्सल’ हे नाव रुळलं. म्हणजे नवख्याला तारणारा आधार जाणकाराला नुसता निरुपयोगी ठरत नाही, तो त्याची कामगिरी खाली खेचू शकतो.

वर्गात कंटाळून खिडकीबाहेर बघणारं हुशार मूल आगाऊ असतंच असं नाही. बाई तिसऱ्यांदा समजावताना त्याच्या डोक्यात हा ताळमेळ चाललेला असू शकतो. सातवीत माझं उत्तर बरोबर असूनही ‘पायऱ्या दाखव’ म्हणून गुण कापले गेले होते. शाळेचं नाव घेत नाही, पण राग अजून आहे.

यावरून ‘हुशार मुलांना शिक्षक लागतच नाही’ असा निष्कर्ष काढू नका; तो गैरसमज पत्रकांइतकाच जुना आहे. तेच मूल दुसऱ्या धड्यात नवखं असतं, आणि तिथे त्याला प्रत्येक स्टेशन सांगावंच लागतं. शिक्षकाची खरी कसोटी इथे लागते: आत्ता, या धड्यात, हे मूल कुठे आहे हे ओळखणं. त्यासाठी कल्युगा आणि स्वेलर यांची एक साधी युक्ती आहे. गणित द्यायचं आणि म्हणायचं, पूर्ण सोडवू नकोस, पहिली पायरी फक्त लिही. २५ × ४८ दिलं तर एक मूल ‘आठ पाचे चाळीस, हातचे चार’ असं सुरू करेल. दुसरं २५ × ५० मधून २५ × २ वजा करेल. तिसरं थेट १०० × १२ लिहील. एका ओळीत गठ्ठा केवढा बांधलाय ते कळतं.

दुसरा गुण गप्प राहण्याचा. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती तपासल्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एक सेकंद थांबत आणि मग दुसऱ्याला विचारत, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन टाकत. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकले तेव्हा मुलं मोठी उत्तरं देऊ लागली, ‘माहीत नाही’ कमी झालं, आणि ती स्वतःहून प्रश्न विचारू लागली.

पदव्यांचं म्हणाल तर अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांच्या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पियानोवादक, गणिती, जलतरणपटू अशी आपापल्या क्षेत्रात शिखर गाठलेली १२० माणसं होती. त्यांतल्या बहुतेकांचे पहिले शिक्षक नामवंत नव्हते. जवळपासचेच होते, मुलांवर माया करणारे, विषयाची गोडी लावणारे. काटेकोर गुरू नंतर आले. होमी भाभा परीक्षेत लेखीनंतर प्रात्यक्षिक, मुलाखत आणि प्रकल्पही असतो. तिथे घोकलेल्या पायऱ्या फारशा पुरत नाहीत.

वहिनींना एवढं ऐकवून झालं तोवर मुलगीच खाली आली. तिला २५ × ४८ दिलं. तिने थेट १०० × १२ लिहिलं आणि ‘एवढंच?’ अशा नजरेने बघितलं. मग मी अर्धा भागिले पाव लिहून दिलं. पेन्सिल थांबली. वहिनी “अगं, उलटा करून...” म्हणायला लागल्या, मी हाताने थांबवलं. तीन सेकंद गेले, बहुधा दहा गेले. पंखा फिरत होता.

“काका,” ती म्हणाली, “अर्ध्या पोळीत पाव पोळीचे तुकडे किती, असंच विचारलंय ना हे?”