लाकडाची शाळा कोकणात कुजतेच का?

"कोकणच्या पावसात लाकूड कुजतंच, त्यात शाळेला परसबाग केली तर बघायलाच नको. स्लॅबच घाला." हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. भीती उगाच नाही. ओल्या मातीत रोवलेला खांब कुजलेला आपण सगळ्यांनीच पाहिलाय.

पण लाकूड भिजल्याने कुजत नाही, वाळायला न मिळाल्याने कुजतं. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिली, तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून तर जुन्या घरांत खांब मातीत नसतो. जांभ्याच्या जोत्यावर, दगडी तळखड्यावर उभा असतो आणि कौलांची वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते. वाळवीही बहुधा जमिनीतूनच चढते. उघड्या जोत्यावर तिची मातीची रेघ लगेच दिसते. आणि स्लॅब? खाऱ्या हवेत आतली सळई गंजून फुगते, पोपडे पडतात.

भाजीचं म्हणाल तर गोम भाजीत नाही, भिंतीला टेकलेल्या वाफ्यात आहे. वाफे लांब ठेवा, पडवळाचा मांडव वेगळ्या खांबांवर घाला. पागोळ्यांचं पाणी जातं त्या चरात अळू लावा, मजेत वाढतं.

पडताळायचंय? भर श्रावणात एखाद्या जुन्या घरी जा. खांबाच्या बुंध्याशी स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबा. रुतलं तर लगेच वर बघा, फुटकं कौल सापडण्याची शक्यता बरीच.