ओडीसी परवाना : सोलापूर परिसरातील अतिजड व अवाढव्य मालाची वाहतूक

ओडीसी परवाना : मोटार वाहन कायद्याने घालून दिलेल्या लांबी-रुंदी-उंचीत किंवा वजनात न बसणारा, आणि सुटा करून दोन फेऱ्यांत नेता न येणारा माल सार्वजनिक रस्त्यावरून नेण्यासाठी घ्यावी लागणारी खास परवानगी. ओडीसी म्हणजे ओव्हर डायमेन्शनल कार्गो. मापात बसणारा पण वजनाने जास्त असलेला माल कागदोपत्री ओडब्ल्यूसी, म्हणजे ओव्हरवेट कार्गो, म्हणून वेगळा नोंदवतात. ट्रान्सपोर्टच्या धंद्यात मात्र दोन्हींना ओडीसीच म्हणतात. रोहित्र, बॉयलरचा ड्रम, पवनचक्कीचे पाते, साखर कारखान्याचे बाष्पीभवन पात्र, पुलाचा तयार गर्डर हे असे नग. ‘नग’ हा शब्द इथे मोलाचा आहे. परवाना गाडीला मिळतो तो एका अखंड नगासाठी, भरलेल्या मालासाठी नाही.

सोलापूरशी या विषयाचा संबंध भूगोलाने जोडला आहे. पुण्याहून हैदराबादमार्गे मछलीपट्टणमला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ आणि पंजाबातील संगरूरहून कर्नाटकातील अंकोल्यापर्यंत उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ सोलापुरात एकमेकांना भेटतात. रत्नागिरी-कोल्हापूर-सांगलीकडून येणारा १६६ क्रमांकाचा महामार्गही इथेच येऊन मिळतो. हैदराबादजवळच्या रामचंद्रपुरमचा भेल (भारत हेवी इलेक्ट्रिकल्स) कारखाना ६५ क्रमांकाच्या महामार्गालगत आहे. तिथली यंत्रे पश्चिम किनाऱ्याकडे आणायची तर सरळ वाट सोलापूरवरूनच जाते. धाराशिव, विजयपूर आणि गदगच्या माळांवर पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यापासून लांबलचक पात्यांचे ट्रेलरही या रस्त्यांवर नेहमीचे झाले आहेत. खुद्द जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे, होटगीला सिमेंटचे कारखाने आहेत आणि फताटेवाडी-आहेरवाडीच्या शिवारात एनटीपीसीचे ६६० मेगावॉटच्या दोन संचांचे औष्णिक वीज केंद्र आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेची वीजजाळी उरलेल्या देशाच्या जाळीशी एका लयीत बांधली गेली. त्या वाहिनीचे एक टोक सोलापुरात आहे. एवढ्या दाबाचे रोहित्र तिन्ही फेजचे मिळून एक न बनवता फेजगणिक वेगळे बनवतात. त्यामागे मोठे कारण वाहतुकीचे आहे, कारण तिन्ही फेज एका टाकीत घातले तर तो नग रस्त्यावरून हलवणे जवळपास अशक्य होईल.

मर्यादा काय आहेत

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९३ मापे ठरवतो. रुंदी २.६ मीटर, एकसंध ट्रकची लांबी १२ मीटर, हॉर्स, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, आणि ट्रेलर मिळून १८.७५ मीटर आणि उंची साधारण ४ मीटर. वजनाची मर्यादा गाडीच्या एकूण आकारापेक्षा तिच्या ॲक्सलवर, म्हणजे चाकांच्या आसावर, ठरते. जुलै २०१८ च्या अधिसूचनेने ती वाढवली. चार टायरांच्या एका ॲक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन, जोड ॲक्सलला १९ ऐवजी २१ टन आणि सर्वांत मोठ्या जोडगाडीला ४९ ऐवजी ५५ टन. या आकड्यांच्या पुढे पाऊल टाकायचे, तर परवाना हवा.

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे आहे, कारण सोलापुरात तो घरोघर ऐकू येतो. जादा माल भरलेला ट्रक आणि ओडीसी ही एकाच माळेतले दोन मणी नव्हेत. वाळू, ऊस, सिमेंटची पोती, सळई यांचे दोन भाग होतात, म्हणून त्यांना ओडीसी परवाना मिळतच नाही. पैसे भरून जादा वजन पुढे नेण्याची सोयही कायद्यात नाही. पूर्वी काही राज्यांनी दंडाची रक्कम आगाऊ भरून घेत टोकन देण्याची पद्धत पाडली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजित भसीन खटल्यात ती बेकायदा ठरवली आणि जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाता कामा नये असे स्पष्ट केले. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ प्रमाणे जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, मागे-पुढे किंवा वर बाहेर आला तर २०,००० रुपये आणि काट्यावर वजन करायला नकार दिला तर ४०,००० रुपये. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांनी जादा भाराच्या गाडीला दसपट टोल लावला, तोही माल उतरवून घेण्याच्या अटीसह.

टायर मोजावे, गाडी नाही

शंभर-सव्वाशे चाकांचा ट्रेलर रस्त्यावरून जाताना पाहिला की कोणीही म्हणतो, ‘आता हा रस्ता उखडणार.’ हिशेब वेगळे सांगतो. हायड्रॉलिक ट्रेलरच्या एका ॲक्सलवर आठ टायर असतात आणि त्यावर जास्तीत जास्त १८ टन घेतात, म्हणजे एका टायरवर सव्वादोन टन. साध्या ट्रकच्या मागच्या, चार टायरांच्या ॲक्सलवर ११.५ टन कायदेशीर आहेत, म्हणजे टायरमागे जवळपास २.९ टन. तोच ट्रक दोन-तीन टन जादा भरून निघाला तर हा आकडा साडेतीनच्या घरात जातो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून असे दिसले, की रस्त्याची झीज ॲक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार एकपंचमांशाने वाढला की झीज दुपटीवर जाते, भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. म्हणून रस्ता खातो तो रोज रात्री बिनबोभाट जाणारा जादा भरलेला ट्रक. वर्षातून चार वेळा झेंडे लावून जाणाऱ्या ओडीसीच्या माथी ते पाप मारणे अन्यायाचे आहे.

पुलाचे मात्र तसे नाही. डांबराला एकेका चाकाचे ओझे कळते, पुलाच्या गाळ्याला, म्हणजे दोन खांबांमधल्या भागाला, त्यावर एका वेळी उभे असलेले सगळे ओझे पेलावे लागते. ट्रेलरचे ॲक्सल सुमारे दीड मीटर अंतराने येतात, त्यामुळे एका गाळ्यावर दहा-बारा ॲक्सल एकदम चढू शकतात. ओडब्ल्यूसी परवान्याचा जीव पुलात आहे, असे म्हटले तर चुकणार नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी-६ या संहितेत पूल तपासण्यासाठी एक ‘विशेष वाहन’ कल्पिले आहे. २५ टनांचा पुलर, म्हणजे ओढणारी गाडी, आणि मागे १८ टनांचे वीस ॲक्सल, मिळून ३८५ टन. त्याच्या अटीही संहितेतच आहेत. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आत, पुलावर दुसरे एकही वाहन नाही आणि गाडीचा मध्य रस्त्याच्या मध्यापासून ३०० मिलिमीटरपेक्षा अधिक सरकलेला नाही. वेग कमी हवा, कारण धावत्या चाकाचा धक्का ओझ्यात भर घालतो. मधोमध चालायचे ते एका कडेच्या तुळईवर सगळा भार पडू नये म्हणून. पुलावर ब्रेक मारायचा नाही, गिअर बदलायचा नाही हा नियम प्रत्येक पुलर-चालकाच्या अंगवळणी पडलेला असतो.

परवानगी कोणाची

एकाच खिडकीवर सगळे होत नाही. राष्ट्रीय महामार्गांवरील पुलांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची ऑनलाइन व्यवस्था आहे. गाडीसह एकूण वजन १६९ टनांच्या पुढे गेले की प्रकरण स्वतंत्र तपासले जाते. अर्जासोबत मालाचे माप व वजन, ॲक्सलची मांडणी दाखवणारा नकाशा आणि ठरलेला मार्ग द्यावा लागतो. राज्य मार्गावर उतरायचे तर सार्वजनिक बांधकाम खाते, गाडीच्या मापासाठी परिवहन खाते, शहरातून जायचे तर महापालिका आणि वाहतूक पोलीस. सोलापुरात पोलिसांच्याही दोन हद्दी आहेत, शहर आयुक्तालय आणि ग्रामीण. तारा उचलायच्या तर महावितरण, उच्च दाबाच्या वाहिनीखालून जायचे तर महापारेषण. राज्य बदलले की राज्याच्या पातळीवरचे कागद नव्याने करावे लागतात. सोलापूर ते हैदराबाद अंतर सुमारे ३०० किलोमीटर आहे, पण नळदुर्ग-उमरगा सोडले की कर्नाटकातला बिदर जिल्हा लागतो आणि पुढे जहीराबादपासून तेलंगण. एवढ्याशा वाटेत तीन राज्ये येतात. विजयपूरच्या दिशेने टाकळीजवळ भीमा ओलांडली की धूळखेडपासून कर्नाटकच आहे. प्रत्येक कागदावर तारखा असतात. एक कागद आठवडाभर लांबला तर आधी मिळालेल्याची मुदत संपते. ही साखळी एकत्र बांधण्याची गरज या धंद्यातला प्रत्येक माणूस बोलून दाखवतो आणि ती मागणी रास्त आहे.

अडचण नेहमी वजनाचीच असते असेही नाही. जुलै २०१९ मध्ये महाराष्ट्रातून तिरुअनंतपुरमच्या अवकाश केंद्राकडे निघालेले एक यंत्र पोहोचायला जुलै २०२० उजाडला. गाडीला ७४ चाके होती, वजन वीज केंद्राच्या जड नगांच्या मानाने बेताचेच होते, पण रुंदी-उंची अशी, की झाडे छाटत आणि तारा सोडवत जावे लागले. मध्ये टाळेबंदीही आली.

मार्गाची पाहणी

अर्जाच्या आधी पाहणी होते. धंद्यात तिला रूट सर्व्हे म्हणतात. जीपमध्ये दोन-तीन माणसे, एक टेप, एक खुणा केलेला लांब बांबू आणि वही. उड्डाणपुलाखाली बांबू उभा धरायचा आणि आकडा लिहायचा. महामार्गावरच्या पुलाखाली साधारण साडेपाच मीटर जागा सोडलेली असते, पण खालच्या रस्त्यावर डांबराचे दोन थर चढले की तेवढी उंची आपोआप घटते, म्हणून नकाशावरच्या आकड्यावर कोणी विसंबत नाही. ट्रेलरची पाठ हायड्रॉलिकने काही इंच खाली घेता येते आणि कधीकधी ते इंचच उपयोगी पडतात. विद्युतीकरण झालेल्या रेल्वे फाटकावर ४.६७ मीटरची उंचीची कमान असते. त्याहून उंच नग न्यायचा तर रेल्वेकडून ठरावीक वेळेला वरच्या तारेचा प्रवाह बंद करून घ्यावा लागतो. पवनचक्कीच्या पात्याची गोष्ट याच्या उलट आहे. ते हलके असते, पण साठ मीटरहून लांब. वळणावर पुढचा भाग रस्त्यावर राहतो आणि शेपूट शेजारच्या शेतावरून फिरते. कुठला दिशाफलक काढावा लागेल, कुठली बांधावरची बाभूळ आड येईल, हे वहीत आधीच लिहून ठेवतात.

विजयपूर रस्त्यावर वडकबाळला सीनेवर पूल आहे. तिथून जड नग पार होताना एकदा तरी पाहावे. पायलट गाडी पिवळा दिवा फिरवत पुढे जाऊन उभी राहते, मागची वाहने अलीकडेच थोपवली जातात. पूल रिकामा झाला की पुलर पहिल्या गिअरमध्ये चढतो. ट्रेलरच्या दोन्ही अंगांना दोन माणसे चालत असतात. एकाची नजर टायर आणि कठड्यामधल्या अंतरावर, दुसऱ्याचा कान हायड्रॉलिकच्या नळ्यांवर. तेल गळाले तर आवाज आधी येतो, डाग नंतर दिसतो. इंजिनाची एकसुरी घरघर सोडली तर कोणी बोलत नाही. पुलाच्या सांध्यावरून एकेक ॲक्सल ‘टक्’ करून उतरतो आणि शेवटचा उतरला की मागून चालणारा हात वर करतो. थांबलेल्या एसटीतल्या प्रवाशांचा वेळ जातो हे खरे, पण नदीवरचा पूल त्या मिनिटांमुळे सुरक्षित राहतो.

शहर आणि हंगाम

जडवाहतूक हा सोलापूरकरांचा दुखरा शब्द आहे. विजयपूरकडची वाहने वर्षानुवर्षे सोरेगाव, सैफुल, पत्रकार भवन, सात रस्ता अशी भरवस्तीतून जात आणि त्यात माणसे गेली. केगाव ते हत्तूर हा वळणरस्ता झाल्यावर पुणे महामार्गावरून विजयपूरकडे शहरात न शिरता जाता येते. ओडीसीच्या ताफ्यांना याचा सर्वाधिक फायदा झाला, कारण शहरातल्या तारा, फलक, दुभाजक आणि मिरवणुकांच्या कमानी यांच्याशी झुंजण्यातच त्यांची रात्र जाई.

आषाढीच्या सुमारास पंढरपूरकडे जाणारे रस्ते दिंड्यांनी भरतात आणि जड वाहनांना वाट बदलावी लागते. त्या दिवसांत ओडीसीचा नग हलवायचा नाही, हे जाणता ठेकेदार वेळापत्रकात आधीच धरतो. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झाले की उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून रस्त्यावर येतात. त्यांची भर मापाबाहेर असते आणि अंधारात अनेक ट्रॉल्यांच्या मागे रिफ्लेक्टरही नसतो. ओडीसीच्या नगाला दिवसा लाल झेंडे, रात्री लाल दिवे, पुढे-मागे गाडी अशी सक्ती, आणि पाठीमागून दुचाकी आदळून दर हंगामात ज्यामुळे घरे उजाड होतात त्या ट्रॉलीला मात्र कोणी हटकत नाही. हे बदलायलाच हवे.

शेवटचा टप्पा बहुतेक वेळा सर्वांत अवघड असतो. महामार्ग सुटला की प्रकल्पापर्यंतचे चार-सहा किलोमीटर गावरस्त्याचे असतात आणि खाली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि चाक गिळते. म्हणून त्या वाटेवर आधी मुरूम टाकून रोलर फिरवतात, ओढ्यावरच्या नळ्यांवर जाड लोखंडी पत्रे अंथरतात आणि मृगाचा पाऊस पडायच्या आत नग पायावर चढवण्याची घाई असते. पाऊस आधी आलाच, तर ट्रेलर पक्क्या रस्त्याच्या कडेला थांबवून ठेवतात. ड्रायव्हर-क्लीनर ट्रेलरखालीच चूल मांडतात आणि जमीन वाळण्याची वाट पाहतात.