शेक संपल्यावर पुढे काय? गर्भाशय-अंडाशयाच्या कर्करोगानंतरच्या मानसिक आधाराची पार्श्वभूमी

पुण्यात कर्करोगाच्या उपचारांसाठी सोलापूर, सातारा, अहिल्यानगर, बीडकडून बायका येतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग थोडा पुढे गेलेला असेल तर साधारण पाच आठवडे शेक (म्हणजे बाहेरून दिलं जाणारं रेडिएशन), सोबत आठवड्याला एक केमो, आणि मग आतून द्यायच्या रेडिएशनच्या काही बैठका. तेवढे दिवस हडपसरला नाहीतर कात्रजला नातेवाइकांकडे मुक्काम. सगळं संपलं की डॉक्टर म्हणतात, "आता तीन महिन्यांनी दाखवायला या." त्या तीन महिन्यांत तिच्या मनात काय चालतं, हा प्रश्न वैद्यकाला पडायला फार उशीर झाला. पडला तेव्हाही तो आधी स्तनाच्या कर्करोगाबद्दल पडला.

व्हिएन्नाच्या अर्न्स्ट वेर्टहाइम यांनी १८९८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडियम आलं. पुढची कित्येक दशकं यशाचं माप एकच होतं, रुग्ण पाच वर्षं जगली की नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने रेडिएशनसोबत केमो देण्याबाबत डॉक्टरांना खास सूचना काढली. कारण तसं केल्याने मृत्यू कमी होतात, असं पाच चाचण्यांत दिसलं होतं. जगणाऱ्या वाढल्या, तसं त्यांच्या जगण्याकडे बघणं भाग पडलं.

मनाच्या बाजूने पहिली पावलं न्यूयॉर्कला पडली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मेमोरियल रुग्णालयात आर्थर सदरलँड यांच्या गटाने कर्करोगाच्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या रुग्णांचा मानसिक अभ्यास सुरू केला. १९५२ मध्ये टेरीज लॅसर या स्वतः स्तन गमावलेल्या बाईने इतर स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊन बोलायला सुरुवात केली. डॉक्टरांना ते फारसं रुचलं नाही, पण पुढे त्यातून मोठी चळवळ झाली. १९७७ मध्ये त्याच रुग्णालयात जिमी हॉलंड यांनी पूर्णवेळ मानसोपचार सेवा उभी केली आणि १९८४ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली.

मधल्या काळात आणखी एक गोष्ट बदलली. १९६१ च्या एका अमेरिकी पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टर रुग्णाला कर्करोग झाल्याचं सांगत नव्हते. १९७९ मध्ये ९७ टक्के डॉक्टर सांगणं पसंत करू लागले. ज्याला आजाराचं नावच माहीत नाही, त्याच्याशी त्या आजाराबद्दल बोलणार तरी काय? आपल्याकडे "तिला सांगू नका, ती खचेल" अशी विनंती मुलगा किंवा दीर ओपीडीच्या दाराशीच करतो. बाईला बहुधा कळलेलं असतंच. ती कळल्याचं दाखवत नाही, एवढंच.

स्तनाच्या कर्करोगाला गुलाबी फीत मिळाली, मोर्चे मिळाले, मॅरेथॉन मिळाली. कमरेखालच्या कर्करोगांना यातलं फार थोडं मिळालं. पुण्याच्या मध्यमवर्गीय घरातही "ओटीपोटात गाठ होती, काढली" एवढ्यावर विषय संपतो. शास्त्रीय अभ्यासही इथे मागाहून आला. बार्बरा अँडरसन यांनी १९८० च्या दशकात अशा स्त्रियांच्या लैंगिक आयुष्यावर उपचारांचा काय परिणाम होतो, याचा नियंत्रित अभ्यास केला. १९९९ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या २५६ स्त्रियांची उत्तरं प्रसिद्ध केली. योनिमार्ग आखूड व कोरडा होणं आणि त्यातून येणारा मानसिक त्रास त्यांनी स्पष्ट मांडला होता.

२००६ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २४ प्रश्नांची खास युरोपीय प्रश्नावली आली. आपल्याकडेही संशोधनात तिचा वापर होतो. तिच्यातले योनिमार्गाच्या त्रासाचे काही प्रश्न गेल्या चार आठवड्यांत शरीरसंबंध आलेल्यांनीच सोडवायचे असतात. ज्या बाईने दुखतं म्हणून, किंवा भीतीने, संबंधच थांबवले तिचं दुखणं या रकान्यांत उमटतच नाही. विधवा तर आधीच बाहेर. मोजणारं साधन गाळतं ते धोरणातूनही गळतं, असं माझं मत आहे.

या बाईला आधार नेमका कशासाठी लागतो? ओटीपोटाला शेक दिले की अंडाशयांचं काम थांबतं. पस्तिशीतल्या बाईची पाळी काही आठवड्यांत बंद होते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, चिडचिड होते, आणि घरचे म्हणतात, "आता बरी झालीस ना, मग?" योनिमार्ग चिकटू नये म्हणून डायलेटर, म्हणजे आत घालून मार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी, वापरायला सांगतात. ते वन बीएचकेत, सासू बाहेर बसलेली असताना कसं करायचं, हे कुणी सांगत नाही. नवऱ्याला वाटतं, जवळ गेलो तर कॅन्सर आपल्याला लागेल. तो तसा लागत नाही, हे एक वाक्य दोघांना समोर बसवून सांगितलं तर कित्येक महिन्यांचा अबोला टळू शकतो. त्यात आजाराचं मूळ एचपीव्ही विषाणूत आहे, असं इंटरनेटवर वाचलं की संशय सुरू होतो, कधी त्याचा तिच्यावर, कधी तिचा त्याच्यावर. हा विषाणू अतिशय सर्रास आढळतो आणि शरीरात वर्षानुवर्षं गप्प राहू शकतो, त्यामुळे त्यावरून कुणाच्या वागण्याचा निवाडा करता येत नाही. शिवाय प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा असतोच: परत आला असेल का?

महाराष्ट्रात या भीतीला आणखी एक पदर आहे. "पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल" हे वाक्य ग्रामीण भागातल्या असंख्य बायकांनी ऐकलंय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी तपासली. ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी सुमारे १३ हजार ८०० जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. कर्करोगाचं नाव असं धाक म्हणून वापरलं गेलेल्या भागातून आलेल्या बाईला खरोखरच कर्करोग होतो, तेव्हा डॉक्टरच्या शब्दावर तिने किती विश्वास ठेवायचा?

वैद्यकीय संशोधनात मात्र हा प्रदेश मागे नव्हता. मुंबईचं टाटा रुग्णालय १९४१ चं. बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, असा तिचा निष्कर्ष २००९ मध्ये आला. एचपीव्हीची पहिली भारतीय लसही पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना हा कर्करोग होतो.

आधाराचे धागेही पुण्यात आहेत, फक्त वेगवेगळ्या टोकांना. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. १९६३ पासून कर्वे समाजसेवा संस्था या कामासाठी माणसं घडवते. पण अधीक्षकांचा दिवस योजनेची कागदपत्रं, रेशनकार्ड आणि ट्रस्टकडून मदत मिळवण्यात जातो. वारज्यात १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (गंभीर आजारातला त्रास हलका करणाऱ्या उपचारांचं) केंद्र विनामूल्य सेवा देतं. तिथे रुग्णासोबत कुटुंबाचंही ऐकलं जातं, पण "तिकडे जायचं म्हणजे शेवट" ही समजूत लोकांच्या मनातून जात नाही, आणि बरी झालेली बाई तिकडे फिरकत नाही. समदुःखींनी गोल करून बोलण्याची ताकद या शहराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पाहिली आहे. १९८६ मध्ये ते सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट स्वतः मानसोपचारतज्ज्ञ होत्या आणि १९९७ मध्ये कर्करोगानेच गेल्या. व्यसनाबद्दल चारचौघांत बोलायला पुणेकर शिकले. योनिमार्गाबद्दल अजून नाही.

गटाच्या आधाराबद्दल एक भाबडी आशाही पसरली होती. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांच्या अभ्यासात आधारगटात जाणाऱ्या, स्तनाचा कर्करोग पसरलेल्या स्त्रिया जास्त जगल्या. २००१ मधल्या मोठ्या कॅनडियन चाचणीत आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मन मात्र हलकं झालं, दुखणं कमी जाणवलं. हे पुरेसं कारण आहे. "सकारात्मक राहा, बरी होशील" म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आजार उलटला तर ती बाई स्वतःलाच दोष देत बसते.

राज्याच्या जीवनदायी योजनेने (आताची महात्मा फुले जनआरोग्य योजना) २०१२ पासून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशनचा खर्च पुष्कळ हलका केला. पण तिची रचना प्रक्रियांभोवती आहे, आणि तासभर शांतपणे ऐकणं ही प्रक्रिया नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलं. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनची मोफत सेवा मराठीतूनही मिळते.

खरं तर वेगळी इमारत लागत नाही. पहिली दोन वर्षं ही बाई दर तीन-चार महिन्यांनी तपासणीला येते, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहा महिन्यांनी. परदेशात १९९८ पासून शून्य ते दहा आकड्यांची एक साधी मनस्ताप-पट्टी वापरतात. चार किंवा वर खूण आली की पुढे बोलायचं. वजन आणि बीपी घेणारी सिस्टर ती पट्टी पुढे करू शकते, फक्त त्या वेळी नवरा आणि सासू पडद्याबाहेर असायला हवेत.