तुटकी नाल की बैलाची पत्री?

नागपूरजवळ टाकळी-कामठीकडे मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्यांना बोटभर, वाकडा, गंजका लोखंडी तुकडा सापडला की पाचव्या मिनिटाला फोटो येतो, 'घोडदळाची नाल'! मला दाखवलेल्या अशा तुकड्यांत बहुतेक बैलाच्या पत्र्या, म्हणजे बैलाच्या खुराला ठोकतात त्या लोखंडी नाली, निघाल्या.

अख्खी नाल लहान पोरही ओळखतं. घोळ होतो तो अर्ध्या तुकड्याचा. घोड्याचा खूर अखंड, म्हणून पायाला एक नाल. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. नाल पुढच्या बाजूला जास्त झिजते, तिथेच मोडते, आणि उरलेली अर्धी नाल पहिल्या नजरेला पत्रीसारखीच दिसते.

आधी खिळ्यांची भोकं बघा. नालबंद खिळा मारतो तो खुराच्या बाहेरच्या भिंतीत. बैलाच्या खुराची आतली कड फटीकडे असते, तिथे खिळा मारायला जागाच नाही. म्हणून पत्रीची भोकं एकाच कडेला चिकटून असतात आणि उरलेला भाग कोरा, पसरट. पत्री जवळजवळ अख्खा तळ झाकते, त्यामुळे ती पातळ आणि एका टोकाला रुंद. अर्धी नाल मात्र अरुंद, जाड पट्टी असते. भोकं पट्टीच्या लांबीने ओळीत, बऱ्याचदा एका खाचेत, आणि आतली कड खोलगट. तुटलेल्या टोकावरून निकाल देऊ नका. गंज फुगला की मोडलेली कडही घडवल्यासारखी गोल दिसते. यंत्राला तर दोन्ही नुसतं लोखंड.

तारेच्या ब्रशने घासणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. गंजाच्या थराबरोबर भोकांच्या कडाही जातात, मग ओळखायचं कशावरून?

पत्री निघाली म्हणून फेकूही नका. २६-२७ नोव्हेंबर १८१७ ला सीताबर्डीच्या इंग्रज-भोसले लढाईत कॅप्टन फिट्झगेराल्डच्या बंगाल घोडदळाने हल्ला चढवला, १८२१ पासून कामठीला इंग्रजांची छावणी झाली, १८५७ मध्ये टाकळीला अनियमित घोडदळ होतं. घोडदळ म्हटलं की सामान ओढणारे बैल आलेच. पण टांगे परवापरवापर्यंत धावत होते आणि बैलांना पत्र्या आजही मारतात, त्यामुळे एकट्या तुकड्यावरून काळ ठरत नाही. शेजारी शिशाची गोळी होती का, गणवेशाचं बटण होतं का, किती खोल होतं, यावर ठरतो.

छावणीच्या किंवा संरक्षित जागेत परवानगीशिवाय यंत्र फिरवूच नका. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि १८७८ च्या कायद्याने जमिनीत दडलेला दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. स्वतःच्या शेतात सापडलं, तरी उचलण्याआधी शेजारी मोजपट्टी ठेवून दोन्ही कडांचा फोटो घ्या.