उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचे परिचर्या-मूल्यमापन

उच्च रक्तदाबाबरोबर मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या किंवा झालेल्या रुग्णाची परिचारिकेने केलेली पद्धतशीर पाहणी. रुग्णाचे व घरच्यांचे सांगणे, शरीराची तपासणी, मोजमापे आणि प्रयोगशाळेचे अहवाल एकत्र ठेवून रुग्णाला आज कोणता त्रास आहे आणि कोणता धोका जवळ आला आहे, हे तीत ठरवले जाते. परिचर्या-प्रक्रियेतील ही पहिली पायरी असली तरी या रुग्णांत ती एकदा करून संपत नाही. कालच्या नोंदीशी आजची नोंद ताडून पाहणे हाच तिचा गाभा आहे.

हे दोन्ही विकार एकमेकांना वाढवतात. वर्षानुवर्षे चढलेल्या दाबाने मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्या जाड व अरुंद होतात. मूत्रपिंड दुबळे झाले की मीठ व पाणी अंगात साठते, रेनिन हे दाब चढवणारे विकर वाढते आणि दाब आणखी चढतो. रिचर्ड ब्राइट या इंग्रज वैद्याने १८३६ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांत हृदय वाढलेले आढळते, हे नोंदवले होते. तेव्हा दाब मोजण्याचे सोयीचे साधनच नव्हते. दंडाला पट्टा बांधून मोजण्याची पद्धत इटालियन वैद्य रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये दाखवली आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा दाब ठरवण्याची रीत रशियन वैद्य कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये सांगितली. आजही अनेक वॉर्डांत ती वापरतात.

कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीपीआरमध्ये, आणि शहरातील खाजगी रुग्णालयांत असे रुग्ण आजरा, चंदगड, शाहूवाडी, राधानगरी अशा लांबच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या सिंधुदुर्गातूनही येतात. पहाटेची एसटी पकडून, स्टँडवर चहा घेऊन आलेल्या माणसाचा दाब दारातच मोजला तर तो खरा येत नाही. किमान पाच मिनिटे बसू द्यावे, पाठीला आधार, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. दाबाचा पट्टा, म्हणजे कफ, दंडाच्या मापाचा हवा, कारण जाड दंडाला लहान कफ बांधला की दाब जास्त दिसतो. रुग्णालयात १४०/९० किंवा त्यापुढचा दाब वेगवेगळ्या दिवशी मिळाला तर तो उच्च मानतात. झोपून व उभे राहून असा दोन्ही दाब घेणे विशेषतः डायलिसिसनंतर, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करून जादा पाणी काढल्यानंतर, महत्त्वाचे ठरते. उभे राहताच वरचा दाब २० किंवा अधिक अंकांनी उतरला, तर तो रुग्ण बाथरूमकडे जाताना पडू शकतो.

विचारपूस हा या मूल्यमापनाचा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि घाईत तोच सर्वांत आधी कापला जातो. ‘पाणी किती पिता?’ असे विचारले की रुग्ण तांब्यातले पाणी तेवढे सांगतो. चहा, ताक, दूध, आमटी, रस्सा हे त्याच्या लेखी पाणी नसते. म्हणून ‘आबा, काल सकाळपासनं काय काय खाल्लासा-प्यालासा?’ असे दिवस उलगडत विचारावे. लघवी खूप घटलेल्या रुग्णाला साधारणपणे आदल्या दिवशीच्या लघवीइतके आणि वर सुमारे ५०० मिलिलिटर एवढेच द्रव मिळून घ्यायला सांगतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्यांत यातला मोठा हिस्सा संपतो. मिठाचेही तसेच. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भाकरीबरोबरचा खर्डा, लोणचे, पापड, मिसळीचा कट यांतले मीठ कोणी मोजत नाही. सैंधव मीठही मीठच आहे. ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते. दुबळ्या मूत्रपिंडांना पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते या रुग्णांना घातक ठरू शकते.

पोटॅशियमचा प्रश्न सणावारी उग्र होतो. नवरात्राच्या उपवासात बटाटा, रताळे, केळी, शेंगदाणे हेच पोटात जाते. आजाऱ्याला भेटायला येणारा प्रेमाने शहाळे आणतो. या सर्वांत पोटॅशियम भरपूर असते. उपवास सोडा म्हणण्याआधी तो कोणाचा, किती दिवसांचा, कशावर हे विचारावे. आहारतज्ज्ञांना तीच माहिती लागते. नुसती मनाईची यादी हातात दिली तर आधीच तोंडाची चव गेलेला माणूस जेवणच टाकतो आणि खंगतो. सुजेमुळे हे खंगणे वजनात दिसत नाही, म्हणून दंड, गालफडे आणि खांद्याचे स्नायू पाहावेत.

औषधांची पिशवीच मागून घ्यावी. बीपी उतरले म्हणून गोळी परस्पर बंद केलेली असणे फार सामान्य आहे. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर दाब उसळी मारतो. शेतात वाकून गुडघे-कंबर धरलेली माणसे मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून रोज घेतात. त्या मूत्रपिंडाला अपाय करतात आणि दाबही वाढवतात. भस्मे व जडीबुटीची औषधे घेतली का, हे दटावल्यासारखे विचारले तर उत्तर मिळत नाही. तंबाखूबद्दल बायकांना विचारताना मिश्रीचे नाव घ्यावे लागते, कारण मिश्री लावणाऱ्या मावशी ‘मी तंबाखू खात न्हाई’ असेच सांगतात आणि ते त्यांच्या परीने खरे असते.

रात्री किती उशा लागतात, आडवे पडल्यावर दम कोंडतो का, लघवीला रात्री किती वेळा उठावे लागते, लघवीत फेस येतो का, डोके दुखते का, नजर धूसर झाली का, अंगाला खाज सुटते का, हे प्रश्न पुढच्या तपासणीची दिशा ठरवतात.

तपासणीत वजन सर्वांत बोलके. एकाच काट्यावर, शक्यतो त्याच वेळी, सारख्याच कपड्यांत घ्यावे. दोन दिवसांत २ किलो वाढले तर ती साधारण २ लिटर पाण्याची वाढ असते. डायलिसिसवरील रुग्णाचे ‘कोरडे वजन’, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचे वजन, ही पुढच्या प्रत्येक मोजमापाची फूटपट्टी असते. सूज नडगीवर बोट दाबून पाहतात. अंथरुणाला खिळलेल्याची ती पायांपेक्षा कंबरेच्या खालच्या बाजूस साठते आणि तिथे न पाहिल्यास सुटून जाते. मानेची शीर फुगलेली, फुप्फुसाच्या तळाशी करकर आणि आडवे होता न येणे एकत्र दिसले तर थांबू नये. रुग्णाला बसते करून डॉक्टरांना बोलवावे.

ज्या हातावर डायलिसिससाठी फिस्टुला, म्हणजे रोहिणी व नीला यांचा जोड, केला आहे त्या हाताला दाबाचा पट्टा नको, सुई नको, रक्ताचा नमुनाही नको. बोटांनी त्यावर थरथर जाणवली पाहिजे आणि स्टेथोस्कोपने सूंसूं आवाज आला पाहिजे. थरथर नाहीशी झाली तर फिस्टुला बंद पडला असू शकतो आणि काही तासही दवडता येत नाहीत. त्या हातातल्या घट्ट बांगड्या काढायला सांगणे सोपे नसते. सवाष्णीला तो अपशकुन वाटतो. दुसऱ्या हातात जास्त भरा आणि इथे सैल एखादी ठेवा, असा मार्ग समजूतदार सिस्टर काढतात.

डोळ्यांच्या पापणीआतला फिकेपणा रक्तक्षय सांगतो, कारण रक्तपेशी घडवायला लावणारे एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच तयार होते. श्वासाला लघवीसारखा वास, मळमळ, पुढे केलेल्या पंजांची फडफड आणि गुंगी ही रक्तात विषारी घटक साठल्याची चिन्हे. झोपाळूपणाला थकवा समजण्याची चूक नातेवाइकांकडून होते. परिचारिकेने ती करू नये.

अहवालांत क्रिएटिनीन व युरिया हे रक्तातले टाकाऊ घटक, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम पाहतात. गाळण-दर, म्हणजे मूत्रपिंडे रक्त गाळण्याचा वेग, मिनिटाला १५ मिलिलिटरच्या खाली गेला की मूत्रपिंड निकामी झाले असे म्हणतात. पोटॅशियम लिटरला ६ मिलिमोलच्या पुढे, सोबत हातपाय गळणे किंवा नाडी मंद व अनियमित होणे ही तातडीची अवस्था आहे आणि त्याच वेळी ईसीजी काढावा लागतो.

डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास चालते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत त्याचा खर्च बसतो, पण एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी, दारातल्या म्हशींची धार काढायला माणूस नसणे हे कोणत्याही योजनेत बसत नाही. फेरी का चुकली, याचे उत्तर अनेकदा तिथेच असते. म्हणून सोबत कोण येते, घरी मीठ कोण घालते, गोळ्या कोण वाचून देते, हेही केसपेपरवर लिहावे.

नोंद आकड्यांत हवी. ‘पायाला सूज आहे’ यापेक्षा ‘दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत सूज, खळगा पडतो, वजन ५८.४ किलो, काल ५७.२’ असे लिहिले तर रात्रपाळीला आलेल्या सिस्टरला सकाळचे वजन वाचताच कळते की रुग्णाला डायलिसिसच्या पुढच्या वारापर्यंत थांबवता येईल की नाही, हे डॉक्टरांना आत्ताच विचारायला हवे.