बोअरचे पाणी आणि घरातला फिशटँक: काय काढावे, काय राहू द्यावे

पुण्यातल्या वाघोली, उंड्री, पिसोळी, बावधन या भागांतल्या अनेक सोसायट्यांमध्ये नळाला येणारे पाणी महापालिकेचे किती, बोअरचे किती आणि टँकरचे किती, हे महिन्यागणिक बदलत असते. जुन्या वाड्यांच्या आणि बंगल्यांच्या आवारात काही विहिरी अजूनही वापरात आहेत. अशा घरात फिशटँक ठेवायचे ठरले, की विहिरीचे पाणी वापरू नका, आरओचेच वापरा, असा सल्ला हमखास मिळतो. या सल्ल्यामागची काळजी खरी असली, तरी माणसाच्या पिण्याच्या पाण्याचा निकष माशाला जसाच्या तसा लावण्याची चूक त्यात आहे. माणूस पाणी पितो आणि विसरतो, मासा मात्र त्यातच श्वास घेतो, त्यातच मलमूत्र टाकतो आणि कल्ल्यांवाटे त्यातले क्षार शरीरात ओढून घेतो. त्यामुळे पाण्यातले काय काढायचे याइतकाच महत्त्वाचा प्रश्न काय राहू द्यायचे हा असतो.

पुण्याखालचा बेसाल्ट हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचा खडक आहे. पावसाचे पाणी मातीतून मुरताना मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेते, त्याचे सौम्य कार्बोनिक आम्ल बनते आणि हे आम्ल बेसाल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन या खनिजांना वर्षानुवर्षे झिजवत राहते. त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात, तर आम्लाचे रूपांतर बायकार्बोनेटमध्ये होते. काळ्या मातीतल्या चुनखडीच्या खड्यांमुळे त्यात आणखी भर पडते. गीझरच्या कॉइलवर आणि बादलीच्या काठावर चढणारा पांढरा थर हा याच क्षारांचा असतो. खडकवासला धरणातून येणारे महापालिकेचे पाणी मुख्यतः सह्याद्रीवरून वाहून आलेले पावसाचे असल्यामुळे खडकाशी त्याचा सहवास थोडा आणि म्हणून क्षारही थोडे.

कठीणतेच्या दोन मापांची गल्लत केल्यास पुढचे सारे चुकते. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून होणारी एकूण कठीणता म्हणजे जीएच, आणि मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी, आम्ल पचवण्याची पाण्याची क्षमता म्हणजे केएच. दोन्हींचा एक अंश लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका धरतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एकूण कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानली जाते आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. म्हणजे साधारण ११ ते ३४ अंश. टीडीएस मीटर यातले काहीच सांगत नाही. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून क्षारांच्या एकूण प्रमाणाचा अंदाज देतो. मीटरवर ४०० दिसले, तर त्या ४०० मध्ये कॅल्शियम किती, मीठ किती आणि नायट्रेट किती, हे समजण्यासाठी थेंब टाकून रंग पाहण्याचे चाचणी संच किंवा प्रयोगशाळाच लागते.

गोड्या पाण्यातील माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा अधिक क्षार असतात. परिणामी कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून पाणी सतत आत शिरते, क्षार बाहेर झिरपतात आणि मासा पातळ लघवीवाटे पाणी टाकत, कल्ल्यांतील पेशींकरवी क्षार परत खेचत हा तोल सांभाळत राहतो. पाण्यातील कॅल्शियम त्या पडद्याची गळती कमी करतो. म्हणून गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासे कठीण पाण्यात चांगले वाढतात, गोल्डफिशला त्याची अडचण नसते आणि आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांतले सिक्लिड तर कठीण, अल्कधर्मी पाण्याचेच रहिवासी. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे आरोग्य विभाग विहिरींत आणि हौदांत गप्पी मासे सोडतात आणि ते तेथे कोणत्याही प्रक्रियेविना पिढ्यानपिढ्या नांदतात, हा पुरावा डोळ्यांसमोरच आहे. याउलट निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा आणि डिस्कस ही ॲमेझॉनच्या खोऱ्यातील अतिमृदू पाण्याची प्रजा आहे. पाणी बदलण्यापेक्षा मासे पाण्याला साजेसे निवडणे स्वस्त पडते आणि टिकतेही. पण दुकानात निऑनचा निळा पट्टा चमकत असताना हे कोण ऐकणार?

मग बोअरच्या ताज्या पाण्यात मासे कधीकधी तासाभरात का मरतात? कारण बहुधा क्षार नसून वायू असतात. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर आणि ऑक्सिजन अत्यल्प असू शकतो, शिवाय दाबाखाली विरघळलेला नायट्रोजनही गरजेपेक्षा जास्त असतो. तो माशाच्या रक्तात आणि कल्ल्यांत बुडबुडे धरतो. अशा पाण्याचा सामू (पीएच) उपसल्या क्षणी ७ च्या आसपास दिसतो आणि रात्रभर हवा दिली की कार्बन डायऑक्साइड उडून जाऊन तोच ८ च्या वर जातो. म्हणजे मोटर चालू असताना घेतलेली सामूची चाचणी निरुपयोगी ठरते. उपाय अगदी साधा आहे: स्वच्छ पिंपात पाणी भरावे, एअर पंप आणि एअर स्टोन लावून ते चोवीस तास खळखळू द्यावे आणि मगच मोजमाप घ्यावे. पाण्यात विरघळलेले लोह असल्यास या काळात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन तांबूस गाळ तळाशी बसतो, सडक्या अंड्यासारखा वास असल्यास तो हायड्रोजन सल्फाइडही निघून जातो. गाळ न ढवळता वरचे पाणी काढून घ्यावे. उथळ भूजलाचे तापमान त्या ठिकाणच्या वार्षिक सरासरीजवळ, पुण्यात २५ अंश सेल्सियसच्या आसपास राहते आणि ते बहुतेक उष्णकटिबंधीय माशांना मानवते. बिघाड होतो तो गच्चीवरच्या काळ्या टाकीत, जेथे मे महिन्यात पाणी तापते आणि जानेवारीच्या पहाटे गारठते.

हवा देऊन जे जात नाही, त्यात सर्वांत त्रासदायक नायट्रेट होय. शोषखड्डे, गळके सांडपाण्याचे नळ, गोठे आणि खते यांतून ते भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. टँकमध्ये माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया तयार होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात आणि साठलेले नायट्रेट घालवण्यासाठी आपण दर आठवड्याला काही पाणी बदलतो. पण बदलीच्या पाण्यातच ४५ मिलिग्रॅम असेल, तर कितीही बादल्या बदलल्या तरी टँक त्याखाली जाणार नाही. उकळण्याने नायट्रेट निघत नाही, उलट वाफ गेल्यामुळे ते किंचित दाटते; कार्बन फिल्टर आणि अतिनील दिव्यालाही ते दाद देत नाही. आरओने बरेचसे अडते, मात्र कॅल्शियमइतके नाही. भरभर वाढणाऱ्या पाणवनस्पती किंवा मुळे पाण्यात आणि पाने बाहेर ठेवलेली मनीप्लँटची वेल ते हळूहळू शोषून घेते. हा उपाय बिनखर्चाचा आणि परिणामकारक असूनही त्याला मिळायला हवा तेवढा मान मिळत नाही, असे मला वाटते.

विहिरीच्या पाण्यात अमोनिया आढळल्यास मात्र ते पाणी नाकारावे, कारण त्याचा अर्थ बहुधा सांडपाणी अगदी जवळून झिरपत आहे. शिवाय अल्कधर्मी पाण्यात त्याचा घातकपणा वाढतो: २५ अंश सेल्सियसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, सामू ८ असताना तोच वाटा पाच टक्क्यांच्या वर जातो.

घरगुती उपायांपैकी काही येथे उपयोगी नाहीत, काही अपायकारक आहेत. पाणी उकळल्यास बायकार्बोनेटचे विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट खाली बसते, पण मॅग्नेशियम आणि कायमची कठीणता बऱ्याच अंशी तशीच राहते आणि ऑक्सिजन निघून गेल्यामुळे पाण्याला पुन्हा हवा द्यावी लागते. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, पण त्यात बायकार्बोनेट खर्ची पडते आणि ॲल्युमिनियमचे चिकट कण कल्ल्यांना त्रास देतात. सोसायटीचा सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी सोडियम देतो. साबणाला फेस येतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो आणि ज्या गप्पीला कॅल्शियम हवा होता तो त्याला मिळेनासा होतो. देशी बदामाची वाळकी पाने टाकून किंवा आम्लाचे थेंब देऊन सामू उतरवण्याचा प्रयत्नही केएच जास्त असताना फसतो. पाने पाण्याला चहाचा रंग देतात, आम्लाने सामू तात्पुरता उतरतो आणि उरलेल्या बायकार्बोनेटमुळे दुसऱ्या दिवशी पुन्हा वर चढतो. हे वरखाली होणे माशाला एकाच जागी स्थिर असलेल्या ८.२ पेक्षा अधिक जाचते.

टँकरच्या आणि सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यात पुष्कळदा टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन सोडणारी ब्लीचिंग पावडर, घातलेली असते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा, अशी अपेक्षा असते आणि माशांच्या कल्ल्यांना त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही इजा होऊ शकते. दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणाऱ्या द्रावणात बहुधा सोडियम थायोसल्फेट असते आणि ते क्लोरीनला काही क्षणांत निष्प्रभ करते. विहीर आपलीच आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण पावसाळ्यात तीतही पावडर टाकली जाते.

मृदू पाण्याचेच मासे हवे असतील, तर आरओला पर्याय नाही. परंतु निव्वळ आरओचे पाणी टँकमध्ये भरणे धोक्याचे आहे. त्यात केएच जवळजवळ नसतो आणि अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू अमोनियातील दर एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम क्षारता (म्हणजे केएचचा साठा) फस्त करतात. साठा संपला की सामू एकाएकी कोसळतो, जिवाणूंचे काम थंडावते आणि मासे दगावतात. म्हणून आरओचे पाणी हवा दिलेल्या विहिरीच्या पाण्यात मिसळावे. विहिरीची कठीणता ४०० आणि आरओची २० मिलिग्रॅम असेल, तर एक भाग विहिरीचे आणि तीन भाग आरओचे पाणी मिळून ११५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसहा अंशांच्या आसपास येते, आणि घरात वाढवलेल्या निऑनला तेवढे पुरेसे मृदू असते. आरओतून वाहून जाणाऱ्या खारट पाण्याचा हिशेबही मनात असावा; ते फरशी पुसायला आणि फ्लशला वापरता येते, कुंड्यांना नको.

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा चार महिने आरओऐवजी पावसाचे पाणी हाताशी असते. पहिल्या काही सरींनी पत्रा, गच्ची आणि हवा धुऊन निघू द्यावी. नंतरचे पाणी झाकणाच्या पिंपात धरावे आणि आरओच्याच प्रमाणात मिसळावे. नेमक्या याच दिवसांत विहिरीचे पाणी सर्वांत अस्थिर असते. मेमध्ये आटलेल्या विहिरीत क्षार दाटलेले असतात, पहिल्या मोठ्या पावसाबरोबर जमिनीवरची घाण आणि नायट्रेट आत येते आणि भाद्रपदापर्यंत कठीणता बरीच उतरलेली असते. म्हणून मेमध्ये ठरवलेले मिश्रणाचे प्रमाण जुलैमध्ये पुन्हा मोजून घ्यावे लागते, आणि फरक मोठा निघाल्यास एका वेळी टँकच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक पाणी बदलू नये.